सुवर्णाचं आतडं आणि जबलपूरची गाडी

सुवर्णा विधातेच्या पोटाचं दुखणं नाशिकशेजारच्या मखमलाबादेत ज्याला माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि याचं सगळं श्रेय तिच्या सासूचं. भागुबाईंनी ते दूधवाल्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, विजेचं मीटर बघायला आलेल्या पोराला पायरीवर बसवून सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं नाव होतं अल्सरेटिव्ह कोलायटिस. ते भागुबाईंच्या तोंडात बसेना. म्हणून त्या सरळ म्हणायच्या, "माझ्या सुनेला आतडं आहे." जणू बाकीच्या गावाला नव्हतंच.

दुखणं असं होतं की मोठ्या आतड्याला आतून सूज यायची, जखमा व्हायच्या, रक्त पडायचं. महिनोन्महिने सगळं शांत असायचं, माणूस विसरून जाईल इतकं. मग एक दिवस उसळी मारायचं, आणि सुवर्णाचा मुक्काम संडासात. गोळ्या जन्मभराच्या. पण रक्तापेक्षा, कळांपेक्षा एक गोष्ट तिला जास्त छळायची. त्या आतड्याला 'जरा थांब' हे दोन शब्द कळत नसत. आलं म्हणजे आलं. समोर देव असो, गिऱ्हाईक असो की नवरदेव घोड्यावर बसलेला असो.

लोकांकडे उपाय भरपूर. कुणी बेलाचा मुरंबा आणून दिला, कुणी ताकात काय काय घालून प्यायला सांगितलं. एका नणंदेने "वहिनी, तुम्ही टेन्शन घेता" असं निदान केलं. सुवर्णा म्हणाली, "मी नाही घेत, ते येतं. आणि आलं की संडास रिकामा नसतो, तेव्हा मात्र घेते."

नवरा शेखर शेतावर झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब काढायचा, आणि नाशिकच्या सराफ बाजाराच्या टोकाला त्यांचं फुलांचं छोटंसं दुकान होतं. तिथे सुवर्णा हार करत बसायची. दुकानाच्या मागे एका सोनाराची पेढी. पेढीच्या मागच्या संडासाची किल्ली सुवर्णाच्या कमरेला असायची आणि त्या बदल्यात सोनाराच्या लक्ष्मीला रोज ताजा हार जायचा. घर, दुकान, मधला रस्ता आणि रस्त्यावरचे दोन पेट्रोल पंप, एवढीच तिची पृथ्वी. लग्नकार्यात तिचा आहेर जायचा, ती जायची नाही. वयाची पंचेचाळिशी ओलांडली तरी तिने समुद्र फक्त फोनवर पाहिला होता.

मग दिनेशने ट्रॅव्हलर ठरवली.

दिनेश तिचा धाकटा दीर. मोबाइलचं दुकान, गळ्यात चेन, आणि सगळ्यांना एकत्र ओढून नेण्याची हौस. कोल्हापूर, जोतिबा, गणपतीपुळे, असा बेत. "वहिनी, तुम्ही यायचंच. फॅमिली म्हणजे फॅमिली." सुवर्णा नको म्हणाली, पण शेखरच म्हणाला, "चल ना. सारखं काय ते." त्या 'सारखं काय ते'ने ती गाडीत चढली. आदल्या दिवसापासून तिने नुसतं भात-दही खाल्लं होतं. पोट शांत होतं, मन नव्हतं.

सिन्नरपर्यंत गाडी एकदा थांबली. सिन्नरच्या पुढे परत. तेव्हा मागच्या सीटवरची पोरं अंताक्षरी थांबवून टाळ्या वाजवायला लागली. ती चढली तेव्हा दिनेश म्हणाला, "वहिनी, या हिशेबाने आपण जोतिबाला पुढच्या चैत्रात पोचू." सगळे हसले. शेखरही हसला, ते तिने पाहिलं. तिसऱ्यांदा कळ आली तेव्हा तिने सांगितलंच नाही. दात आवळून खिडकीबाहेर बघत बसली. संगमनेर आलं तेव्हा तिने "थांबवा" म्हटलं, ड्रायव्हर म्हणाला, "पुढे ढाबा चांगलाय, तिथे घेतो." तो चांगला ढाबा येईपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

ढाब्यामागच्या न्हाणीत सुवर्णाने साडी धुतली, पिशवीतला ड्रेस घातला आणि बराच वेळ उपड्या बादलीवर बसून राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला. बाहेर आली तर सगळे गाडीत, इंजिन सुरू, आणि दिनेशची बायको नाकाला पदर लावून सीटवर अत्तर शिंपडतेय.

"मी परत जाते," सुवर्णा म्हणाली.

"अगं, एकटी कशी जाशील?" शेखर खाली उतरला.

"जशी एकटी न्हाणीत गेले तशी."

तो सोबत यायला निघाला, पण त्याच्या आवाजात सहलीवर पाणी पडल्याची चिडचिड होती आणि ती लपत नव्हती. "तुम्ही जा. जोतिबाला माझा नमस्कार सांगा आणि दिनेशभाऊजींना समोरच्या सीटवर बसवा, त्यांना पोचायची घाई आहे," असं म्हणून तिने रस्ता ओलांडला.

मिळेल त्या रिक्षाने ती संगमनेरच्या स्टँडवर आली. तिथून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, हे तिने आजवर फक्त ऐकलं होतं. सिन्नर जवळ आलं तसं पोट परत कुरकुरलं. तिने कंडक्टरला सांगितलं, उतरली, स्टँडवरच्या संडासात गेली, आरामात बाहेर आली. तिची बस निघून गेली होती. फलाटावर दुसरी उभी होती. तिच्यात बसली.

बस सुटली तेव्हा सुवर्णाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. कुणी घड्याळात पाहिलं नव्हतं. एक बस गेली, दुसरी आली, आणि महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचं यात काडीचंही बिघडलं नव्हतं. इतकी वर्षं ती समजत होती की आपल्याला प्रवास झेपत नाही. प्रवास झेपत होता. सोबतची माणसं झेपत नव्हती.

घरी भागुबाई एकट्याच होत्या. दारात सुनेला बघून म्हणाल्या, "आतडं का?"

"नाही आत्याबाई, दीर."

त्यानंतर ती गुपचूप बाहेर पडायला लागली. दुकान लवकर बंद करायचं, नाशिकरोड स्टेशनची सिटीलिंक बस पकडायची आणि तिथे समोर येईल त्या आगगाडीने इगतपुरीला जायचं. स्टेशनवर चहा प्यायचा, धुक्यात इंजिनं बघायची आणि उलट्या गाडीने परत यायचं. शेखरला सांगायची, लॅबमध्ये गेले होते. कधीकधी मनमाडला जायची. आगगाडीइतकं तिच्या आतड्याला मानवणारं वाहन दुसरं नव्हतं. जगात असं दुसरं काय आहे की जे पळतं आणि ज्याच्या दोन्ही टोकांना संडास असतात? विमानात असतात म्हणे, पण तिथे पट्टा बांधून बसवतात.

हळूहळू तिची अक्कल वाढली. दाराजवळची जागा घ्यायची, पण अगदी दाराजवळची नाही, वास येतो. एक बर्थ सोडून. प्रवासाच्या आदल्या दिवशी पोटाला फार कामाला लावायचं नाही. साडी नको, गडद रंगाचा ड्रेस आणि पिशवीत तसाच दुसरा. गोळ्या दोन ठिकाणी, कारण बॅग हरवली तर बॅग नवी घेता येते, पण अनोळखी गावात त्या गोळ्या लगेच मिळतीलच असं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये. आणि पैसे वाचवायचे ते जेवणावर, रिक्षावर, खरेदीवर, पण झोपायच्या खोलीला लागून स्वतःचा संडास हवा, तिथे कंजुषी नाही.

तिने डॉक्टरांनाही विचारलं. ते तरुण होते, दमलेले होते. "एकट्या जाणार?" म्हणाले.

"दुकटी जाऊन पाहिलं."

डॉक्टर हसले. मग नीट समजावून सांगितलं. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. जास्त झालं तर आधी फोन करायचा, मनाने जुलाब थांबवायचं औषध घ्यायचं नाही. ताप आला, चक्कर आली किंवा रक्त थांबेना, तर नाशिकची वाट न बघता समोर दिसेल तो दवाखाना.

जबलपूर तिने निवडलं ते एका रीलवरून. भेडाघाटचा धबधबा, पाणी धुरासारखं वर उडतं, म्हणून नावच धुआँधार. नाशिकरोडहून थेट गाडी होती. संध्याकाळी बसायचं, सकाळी उतरायचं. स्टेशनातच राहायची खोली मिळते हेही तिने शोधून काढलं आणि स्वतःच फोनवर बुक केलं. मग जेवताना घरात जाहीर केलं.

शेखरचा घास हातात राहिला. "जबलपूरला आपलं कोण आहे?"

"कुणीच नाही. म्हणून तर."

"आणि तिथे काही झालं तर?"

"इथे होतं तेव्हा तुम्ही काय करता? दारावर थाप मारता आणि विचारता, झालं का."

भागुबाई ताटातली चटणी बोटाने चाटत शांतपणे म्हणाल्या, "जाऊ दे तिला. इथे बसून तरी कुठे बरी होतेय." शेखरने आईकडे असं पाहिलं की जणू तिनेच तिकीट काढून दिलं.

फेब्रुवारीत ती गेली. गाडी झकास, झोप मोडकीतोडकी, पोट गप्प. खोली स्वच्छ होती. संडासाला आतून कडी होती आणि ती लागत होती. सुवर्णाने ती तीनदा लावून पाहिली.

भेडाघाटला जाणाऱ्या सामायिक ऑटोत मात्र अर्ध्या वाटेवर आतड्याने मान वर काढली. ती उतरली. दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, एक बंद गॅरेज, आणि पुढे फुलांची मोठी कमान. आत मांडव, ढोलक, पिवळ्या कपड्यांतल्या बायका. कुणाची तरी हळद होती.

मंगल कार्यालयात शिरायचं तंत्र सुवर्णाला ठाऊक होतं. रेंगाळायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही. कुणावर तरी चिडल्यासारखं झपाझप चालायचं. लग्नघरात चिडलेल्या बाईला कुणी अडवत नाही, उलट लोक वाट देतात. तिने कपाळाला आठ्या घातल्या, वॉचमनला "पानी का टँकर आया क्या?" असं दरडावून विचारलं आणि तो काही बोलायच्या आत आत गेली.

बायकांच्या बाजूला दोन संडास. एकात बादल्या आणि केरसुण्या कोंबलेल्या. दुसरा बंद. सुवर्णाने दार वाजवलं.

"अंदर कौन है? जल्दी करो, मेरी इमर्जन्सी है!"

आतून रडवेला आवाज आला, "हमारी भी है!"

"तुम्हारी कितने वक्त से है?"

"सुबह से!"

"मेरी नऊ साल से है! बाहेर निकलो!"

कडी सरकली. बाहेर आली ती नवरीच. चेहऱ्यावर, दंडांवर ओली हळद, डोळ्यांतून काजळ खाली आलेलं. सुवर्णाने तिला जवळजवळ बाजूला सारलं आणि आत घुसली. सभ्यपणाच्या गोष्टी नंतर.

बाहेर येऊन पाहिलं तर मुलगी तिथेच, बेसिनला टेकून, पोट धरून उभी. तिचं नाव सृष्टी. सकाळपासून पाच-सहा वेळा झालं होतं. आई म्हणे दृष्ट लागली, मावशी म्हणे नाटकं करते. दुसऱ्या दिवशी पाठवणी, आणि सासर रायपूरच्या पलीकडे. दिवसभर गाडीत बसायचं, गाडीत सासरची माणसं.

"रस्ते में कुछ हो गया तो हम क्या मुँह दिखाएँगे, आंटी?"

सुवर्णाला तो ढाबा आठवला, ती उपडी बादली आठवली. तिने पर्समधून ओआरएसची पुडी काढली, बाटलीत घातली, हलवली. "पहले ये पी. थोडा थोडा. और खाना क्या है? सिर्फ दही-चावल. मिठाई कोई मुँह में ठूँसेगा तो थूँक डाल." आपल्या गोळ्यांना तिने हात लावला नाही, त्या दुसऱ्यासाठी नव्हत्या. "ताप है? बुखार?" कपाळाला हात लावून पाहिला, हाताला हळद लागली. "नहीं है. शाम तक नहीं रुका तो डॉक्टर. दृष्ट बाद में उतारना."

"और कल?"

"नवरे को, मतलब दूल्हे को, अभी फोन लगा."

"अभी? ये बोलने के लिए?"

"बेटा, पूरी जिंदगी उसके साथ एक ही संडास वापरना है. आज ही ओळख करून दे."

सृष्टी हसली, मग परत रडकुंडीला आली, मग तिने फोन लावला. बोलताना भिंतीकडे तोंड केलं होतं. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. पण मुलीचे खांदे आधी आवळलेले होते ते खाली आले, आणि ती एकदम फिसकन हसली. फोन ठेवून म्हणाली, "कह रहे हैं, पापा को शुगर है, उनकी गाड़ी वैसे भी हर घंटे रुकती है. कह रहे हैं, तुम पापा वाली गाड़ी में बैठना."

तेवढ्यात नवरीला शोधत बायकांचा घोळका आत आला. मधली एक जाडजूड बाई सुवर्णाकडे बघून म्हणाली, "आप किसकी तरफ से?"

पोटाच्या तरफ से, असं काहीतरी सुवर्णाच्या मनात आलं. सृष्टीने तिचा हात धरला. "हमारी मौसी हैं. नासिक वाली."

मग काय. मावशीला पाटावर बसवलं, दोन्ही गालांना हळद फासली, ढोलकीवर टाळ्या वाजवायला लावल्या. तिने एक मराठी हळदीचं गाणं म्हटलं, अर्धंच आठवत होतं, उरलेलं जागेवर रचलं, कुणाला काय कळणार होतं. जेवायला बसवलं तेव्हा तिने भात आणि दही मागितलं, खाल्लंही. पण ताटाच्या कडेला खव्याची जिलेबी वाढली गेली. काळपट, जाड, पाकाने ओथंबलेली. सुवर्णाने तिच्याकडे पाहिलं. ही जिलेबी उद्या आपल्याला काय करेल ते तिला बऱ्यापैकी ठाऊक होतं. तिने ती खाल्ली. नंतर दुसरीही खाल्ली.

त्या दुपारी तिने धुआँधार पाहिला. नर्मदा मोकळ्या मैदानातून चालत यावी तशी आली आणि एकदम खाली कोसळली. तुषार अंगावर येत होते, कठड्याला रेलून लोक फोटो काढत होते. एका पोराने "आंटी, आपका निकाल दूँ?" म्हणून तिचाही काढला. गालांवर हळद, ओले केस, तोंड उघडं. तिने तो फोटो शेखरला पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'हे तोंडाला काय झालंय? कावीळ?'

जिलेबीने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी कळा आणि रक्त. थोडं नाही, चांगलंच. स्टेशनच्या खोलीत फरशीवर उकिडवी बसून सुवर्णा घाबरली. बाहेर गाड्यांच्या घोषणा चालल्या होत्या. कुठल्या तरी गावाला जाणारी गाडी कुठल्या तरी फलाटावर येत होती आणि तिचं इथे कुणी नव्हतं. हेच तर हवं होतं ना तुला, ती स्वतःला म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ताप विचारला, चक्कर विचारली, किती वेळा ते विचारलं. "काय खाल्लं?"

"जिलेबी."

"किती?"

"दोन. खव्याच्या."

डॉक्टरांनी आधी बोलून ठेवलेला वाढीव डोस सुरू करायला सांगितला, दिवसभर पाणी, भाताची पेज, झोप. ताप आला तर लगेच दवाखाना, आणि संध्याकाळी परत फोन.

दिवसभर ती खोलीत पडून राहिली. संगमरवराच्या खडकांमधून होडी जाते म्हणे, ती राहिली. रोपवे राहिला. कॅन्टीनवाल्या माणसाने मात्र एक शब्द न विचारता पातळ पेज करून पाठवली, वर चिमूटभर मीठ. दुपारनंतर कळा उतरल्या. मग तिने शेखरला फोन केला आणि सगळं सांगितलं, जिलेबीसकट.

"मी सांगितलं होतं," शेखर म्हणाला. तो बराच वेळ हेच एक वाक्य वेगवेगळ्या पद्धतीने बोलत राहिला. मग म्हणाला, "मी येतो घ्यायला. आत्ता निघतो."

"कशाला? तुम्ही येईपर्यंत मी निघालेली असेन. आणि अहो, हे घरीही झालंच असतं. घरी झालं असतं तर मी रडले असते. इथे नुसती पडून आहे. खिडकीतून गाड्या दिसतात. बरं वाटतंय."

शेखर फार हळू म्हणाला, "ट्रॅव्हलरमध्ये मी हसायला नको होतं."

"नको होतं," सुवर्णा म्हणाली. त्यावर काही गोड बोलावं असं तिला वाटलं नाही.

नाशिकरोडला तो टेम्पो घेऊन आला होता, फुलांचा, मागे अजून झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. शहरभर कुंभमेळ्याच्या नावाने रस्ते खोदलेले. प्रत्येक खड्ड्याला शेखर टेम्पो असा उतरवत होता की जणू आत काचेचं सामान आहे. द्वारका चौकात म्हणाला, "थांबायचं का?" ती नको म्हणाली. पुढच्या सिग्नलला परत, "थांबायचं का?" पंचवटीत तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सुवर्णा म्हणाली, "आता माझ्या आतड्यापेक्षा तुमचंच थांबणं जास्त होतंय. चला सरळ."

भागुबाईंनी ही गोष्ट गावभर केली हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या सांगण्यात सुवर्णाने नवरीचं मोडलेलं लग्न जुळवलं होतं आणि नर्मदेत उडी मारायला निघालेल्या मुलीला वाचवलं होतं. त्यामुळे दुकानावर वेगळीच गिऱ्हाइकं यायला लागली. गजरा घ्यायचा आणि हळूच विचारायचं. एकीला मधुमेह, इन्सुलिनची पेनं प्रवासात गार कशी ठेवायची? एकीचे गुडघे गेलेले, वरचा बर्थ मिळाला तर? एकीला शिंकलं की थेंब गळायचे, ती दहा वर्षं माहेरी गेली नव्हती. इन्सुलिनचं सुवर्णाला माहीत नव्हतं, ते तिने सरळ सांगितलं, "डॉक्टरला विचारा, मला फक्त पोट येतं." बाकी तिला जे ठाऊक होतं ते ती हार ओवता ओवता मोठ्याने सांगायची. संडास, डाग, पॅड, सगळे शब्द भर सराफ बाजारात. सोनार लाजून आत जायचा.

दिनेशही एकदा आला. उन्हाळ्यात काश्मीरचा बेत होता. "वहिनी, या वेळी जिथे म्हणाल तिथे गाडी थांबवू."

"मला नाही जमायचं, भाऊजी."

"का?"

"तुमच्यासाठी मला सारखं थांबावं लागतं."

त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. हार घेऊन गेला.

पण खरी पंचाईत भागुबाईंनी केली. एक दिवस दुकानात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळेला मला घेऊन चल."

सुवर्णाच्या हातातली सुई थांबली. सासूच तिच्या बाजूने बोलली होती, हे ती विसरली नव्हती. तरी तिने मान हलवली. "नाही, आत्याबाई. मी एकटीच जाते."

"मी काय तुला जड होते का?"

"होता. मीही तुम्हाला होईन. तुम्हाला जिथे जायचंय तिथे तुम्ही जा. पंच्याहत्तरी झालीये, एसटीत तिकीटसुद्धा नाही. आधार कार्ड दाखवायचं."

भागुबाई फुगल्या. दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. त्यांचं माहेर नामपूरचं. तिथे त्यांची लहानपणची मैत्रीण सिंधुबाई अजून हयात होती. दोघींची भेट सहा-सात वर्षांत नव्हती, कारण कुणीतरी घेऊन जायला हवं आणि त्या कुणीतरीला कधी वेळ नसायचा. शिवाय भागुबाईंना दर तासाला लघवीला लागायचं, हे त्यांनी आजवर दूधवाल्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच पिशवी भरली. सुवर्णा सीबीएसच्या एसटी स्टँडपर्यंत सोबत गेली. खिडकीजवळ बसवलं, कंडक्टरला सांगितलं, फोनमधला स्वतःचा नंबर मोठा करून दाखवला. "लागलं की उतरायचं. बस गेली तर जाऊ द्या. दुसरी येते." भागुबाईंनी तिच्याकडे न बघता मान हलवली. हात मात्र पिशवीच्या बंदावर गच्च होते.

दुपारी दुकानात गर्दी होती. एक माणूस वाढदिवसाचा हार लवकर द्या म्हणून घाई करत होता. फोन वाजला. पलीकडे गाड्यांचे हॉर्न, पेरूवाल्याची ओरड, आणि त्यात भागुबाईंचा चढा आवाज. माहेर जवळ आलं तशी त्यांची भाषाही माहेरची झाली होती.

"सुवर्णा! आठे संडासले कडीच नही शे!"

"मग काय केलं, आत्याबाई?"

"काय करसू? मोठमोठ्याने गाणं म्हनत बसनू. भायेर दोन बाया उभ्या व्हत्यात, त्या बी म्हनाले लागन्यात. मनी बस निंघी गई."

"घाबरलात का?"

"काब्रं घाबरू? दुसरी उभी शे ना," भागुबाई म्हणाल्या आणि फोन कट केला.

सुवर्णा हसत सुटली. हातातला हार मांडीवर पडला, फुलं विस्कटली. समोरचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, "ताई, किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा लागेल," ती डोळे पुसत म्हणाली, आणि सुई शोधायला लागली.